शंकरपट आणि वजनदार कॅमेरा

धानाची मळणी आटोपून पोती घरात आली, उन्हाचा ताप ओसरून बांध्यांच्या पाळीवरून चालणे सुखाचे वाटू लागले, म्हणजे भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली या टापूत शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींच्या, तारखा कानांवर येऊ लागतात. आणि पटावर पोचावे तो आज बैलजोड्यांच्याही आधी नजरेस पडतात ते पटाच्या दोन्ही अंगांना उंचावलेले शेकडो मोबाइल. त्यांतून क्षणाक्षणाला प्रतिमांचे लोट बाहेर पडतात, त्याच सायंकाळी ते सर्वदूर पोचतात, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच, ज्याने त्या घेतल्या त्यालाही, त्यांतील एखादी निश्चितपणे आठवत नाही. या विपुलतेविरुद्ध माझी तक्रार नाही. ज्या जिल्ह्यातील बहुसंख्य घरांत दोन पिढ्यांपूर्वी आजोबांचे एकही छायाचित्र नव्हते, त्या जिल्ह्यात प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आला ही आनंदाचीच गोष्ट होय. तथापि धावत्या वस्तूचे छायाचित्र घेण्यास जो कॅमेरा सर्वाधिक गैरसोयीचा समजला जातो, म्हणजे जड, सावकाश, फिल्मचा रोल घालावा लागणारा आणि बारा चित्रांनंतर रिकामा होणारा, त्या कॅमेऱ्यामुळे माणसाला पट पाहण्याची एक विद्या कमवावी लागे. ती विद्या आजही शिकण्याजोगी आहे, आणि तिचा पुरावा असलेल्या निगेटिव्ह तालुक्यातालुक्यांतून नष्ट होत आहेत, याकडे लोकांचे आणि सरकारदरबाराचेही लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते.

ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत तालुक्याच्या गावचा फोटो स्टुडिओ पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर एकावर एक दोन लेन्स असलेली ती काळी पेटी सहज उभी राहील. ती बहुधा याशिका असे. मालक ऐपतदार असला तर रोलिफ्लेक्स. ती छातीशी धरून, मान खाली घालून, वरच्या काचेवर उमटलेली प्रतिमा पाहावयाची. आत वन-ट्वेंटीचा रोल, त्यावर सहा सेंटिमीटर चौरसाची बारा चित्रे. रोल कधी उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’, कधी पूर्व जर्मनीहून येणारा ‘ओर्वो’. या पेटीचा रोजचा व्यवहार लग्ने, शाळांचे गटफोटो, ओळखपत्रे आणि कुणाचे अंत्यदर्शन यांच्याशी. पटाच्या दिवशी तिला बोलावणे येई तेही मुख्यतः जिंकलेल्या जोडीला हार घालून, मालकाला बाजूला उभे करून घ्यावयाच्या चित्रासाठी. धावत्या जोडीचे चित्र कुणी मागत नसे, कारण ते मिळेल अशी खात्री कुणालाच नसे. आणि म्हणूनच ज्या छायाचित्रकाराने ते स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या रोलमधील एखादे-दुसरे चित्र खर्ची घालून घेतले, त्याच्या त्या खटपटीला मी विशेष मान देतो.

ही खटपट किती बिकट होती हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. जोडी ताशी छत्तीस किलोमीटरच्या वेगाने धावते असे धरले, तर ती एका सेकंदात दहा मीटर जाते. या कॅमेऱ्यांचे शटर अधिकांत अधिक वेगाने उघडून मिटले तरी त्यास सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो. तेवढ्या अवधीत बैल दोन सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि दहा मीटरांवरून, पंचाहत्तर मिलिमीटरच्या लेन्समधून, ते दोन सेंटिमीटर निगेटिव्हवर सुमारे ०.१५ मिलिमीटर होतात, आणि चित्र चौपट मोठे केले की बैल डोळ्यांना उघड पुसट दिसतो. शटरचा वेग वाढवता येत नाही, बैलाचा वेग कमी करता येत नाही. मग राहतो तो एकच उपाय, तो म्हणजे आपली उभे राहण्याची जागा बदलणे. जोडी आडवी जात असता जी धावते, तीच अंगावर येत असता निगेटिव्हवर जवळजवळ स्थिर असते, आणि तिरकी येत असता या दोहोंच्या मध्ये. म्हणून जाणता छायाचित्रकार पटाच्या मध्यभागी गर्दीबरोबर उभा न राहता अखेरच्या झेंडीच्या पलीकडे, सुरक्षित अंतर राखून, जोडी तिरकी येईल असा कोन आधीच पाहून ठेवी. कोणती जोडी कोणत्या अंगाला ओढते, जोडी हाकणारा धुरकरी शेवटच्या टप्प्यात वाकतो की उठतो, वारा कोणीकडून आहे आणि धूळ कोणीकडे जाईल, या गोष्टी त्यास आधीच्या फेऱ्या पाहून ठरवाव्या लागत, आणि त्या फेऱ्यांत तो कॅमेऱ्याला हातही लावीत नसे.

यानंतरची अडचण डोळ्यांची. छातीशी धरलेल्या त्या काचेवर प्रतिमा उलटी दिसते, म्हणजे उजवीकडून येणारी जोडी डावीकडून येते असे भासते, आणि कॅमेरा तिच्यामागे वळवू जाता हात नेमका विरुद्ध दिशेला जातो. यावर तोडगा त्या पेटीतच होता: वरच्या झाकणाची पुढची पट्टी आत दुमडली की एक साधी चौकट उरे, आणि तिच्यातून उघड्या डोळ्याने सरळ समोर पाहता येई. फोकस अर्थातच आधी करून ठेवावयाचा. कोण्या खुंटावर, चुन्याच्या रेघेवर, झेंडीच्या बुडावर तो लावावा, भिंग f/८ वर आणावे, म्हणजे हिवाळ्यातील स्वच्छ उन्हात मध्यम संवेदनशीलतेच्या फिल्मवर पाचशेव्या भागाचा वेग मिळतो, आणि दहा मीटरांवर फोकस असता सुमारे सहा मीटरांपासून पस्तीस मीटरांपर्यंतचे सर्व काही चालण्याइतपत रेखीव येते. एवढी सिद्धता झाली की यंत्राचे काम संपले, आणि माणसाचे सुरू झाले.

माणसाच्या कामात सर्वांत कठीण काय असेल तर ते हे की, डोळ्याने पाहिल्यापासून बोटाने कळ दाबेपर्यंत सेकंदाचा सुमारे पाचवा भाग निघून जातो. तेवढ्यात आपली जोडी दोन मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे बैलाच्या जवळजवळ पूर्ण लांबीइतकी. जो क्षण दिसला तो क्षण त्यामुळे कधीच मिळत नाही. जो अद्याप दिसलेला नाही, परंतु आता येणारच अशी ज्याच्याविषयी खात्री आहे, तोच मिळतो. आपल्या मोहाडी-आंधळगावच्या हातमागावर कोशाचे कापड विणणारा कारागीर धोट्याकडे पाहत नाही. धोटा दुसऱ्या टोकाला पोचण्याच्या वेळी त्याचा हात आपोआप तयार असतो, कारण ती लय त्याच्या खांद्यात मुरलेली असते. चांगल्या छायाचित्रकाराचे बोटही याच रीतीने, प्रसंगाच्या किंचित आधी, दबते. आणि बारा चित्रांच्या रोलमध्ये एक चित्र चुकले तर पुढचे घेण्यास हाताने फिल्म फिरवावी लागते, तोवर जोडी झेंडी ओलांडून गेलेली असते. सबब त्या फेरीचे चित्र एकच, आणि ते साधले की हुकले हे रात्री अंधारखोलीत कळावयाचे.

येथे कोणी म्हणेल की ही सारी यंत्राच्या दुबळेपणाची कहाणी झाली, आणि दुबळेपणाची थोरवी सांगण्यात अर्थ नाही. हा आक्षेप मला मान्य नाही. एक तर ते यंत्र सर्वच बाबतींत दुबळे नव्हते. सहा सेंटिमीटरच्या चौकोनी निगेटिव्हचे क्षेत्रफळ नेहमीच्या पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून अधिक भरते, त्यामुळे तीत धुळीचा कण, वेसणीची गाठ, धुरकऱ्याच्या मानेची शीर हे सारे वेगळे ओळखू येते. दुसरे, त्याचे वजन हा नेहमीच दोष नसतो: जोडीबरोबर कमरेतून वळत, सेकंदाच्या साठाव्या भागाइतक्या मंद शटरने चित्र घ्यावयाचे असेल, म्हणजे बैलांची मुखे रेखीव आणि मागची गर्दी आडव्या रेषांसारखी ओढली गेलेली, तर तो जडपणाच वळणाला स्थैर्य देतो, हलके यंत्र त्या वेळी हातात थरथरते. तिसरी गोष्ट शटरची. या कॅमेऱ्यांत ते लेन्सच्या आत पाकळ्यांसारखे उघडते आणि संपूर्ण चित्रावर एकाच वेळी प्रकाश टाकते, म्हणून खासरचे, म्हणजे पटाच्या गाडीचे, चाक गोलच राहते. बहुतेक मोबाइल चित्र ओळीमागून ओळ असे वाचतात, तेवढ्यात चाक फिरून गेलेले असते, आणि आऱ्या वाकड्या झालेल्या दिसतात. चाकाविषयी आणखी एक सांगण्याचा मोह आवरत नाही: धावत्या खासरच्या चांगल्या चित्रात चाकाचा जमिनीला टेकलेला भाग नितळ आणि वरचा भाग पुसट असतो, कारण टेकलेला बिंदू त्या क्षणी खरोखरच स्थिर असतो आणि वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने जात असतो. बैलाच्या खुरांचेही तसेच. ज्याने असे एक चित्र न्याहाळले त्याने धावणे म्हणजे काय हे पाहिले.

शटरच्या या लहरींतूनच कधी कधी अपूर्व चित्रे निपजली, हेही खरे. फ्रान्समधील लार्तिग या तरुणाने १९१२ च्या सुमारास मोटारींच्या शर्यतीत घेतलेले एक चित्र जगभर परिचित आहे: मोटारीचे चाक पुढे झुकून लंबगोल झालेले, आणि रस्त्याकाठचे लोक व खांब मागे कललेले. त्याच्या कॅमेऱ्यातील शटर ही एक सरकती फट होती आणि तो स्वतः मोटारीबरोबर वळत होता, या दोन गतींच्या संयोगातून ते वाकडेपण आले. आणि आज वेगाचे चित्र काढू पाहणारा कोणीही चाक तसेच पुढे झुकवतो. त्याही आधी, १८७८ मध्ये, मायब्रिज याने कॅलिफोर्नियात घोड्याच्या वाटेवर बारा कॅमेरे ओळीने मांडून, घोड्याच्या पायांनी तारा ओढल्या जातील अशी योजना करून, भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात हे सिद्ध केले. एकेक कॅमेरा मंद आणि अवजड; परंतु घोडा कोठून जाणार हे ठाऊक असल्यामुळे त्या मंदपणाचे काही चालले नाही.

आपल्या मराठी मुलखाला या बाबतीत कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मुंबईत छायाचित्रांचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावेदादा म्हणून ओळखत, यांनी १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पाहिली, विलायतेतील रायली ब्रदर्सकडून चित्रीकरणाचे यंत्र मागवले, आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. हिंदुस्थानी माणसाने केलेले हे पहिले चित्रीकरण समजले जाते, आणि त्याचा विषय कुस्ती होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. नवे, महागडे, तिकाटण्यावर रोवून हाताने दांडा फिरवावा लागणारे यंत्र हाती आल्यावर एखाद्याने आरंभी देऊळ, घाट किंवा समुद्र घेतला असता. ज्यात काही हलत नाही किंवा हलले तरी आपल्या जागी राहते असे काही. सावेदादांनी दोन माणसांची झटापट निवडली, ज्यात पुढच्या क्षणी कोण वर आणि कोण खाली हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. परंतु डाव जाणणाऱ्याला त्याचा अंदाज असतो. आखाडा त्या पिढीच्या अंगवळणी पडलेला होता; कुस्ती वर्तुळातच राहते आणि मल्ल पकड घेण्यापूर्वी थबकतो, ही माहिती मुंबईकराला शिकवावी लागत नव्हती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर १९१८ च्या सुमारास चित्रीकरणाचा कॅमेराच आपल्या हाताने घडवला. यंत्राची उणीव माणसाने स्वतःच्या बुद्धीने भरून काढण्याची आपली रीत ही अशी जुनी आहे.

होमाई व्यारावाला यांचा उल्लेखही येथे केलाच पाहिजे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, १९४२ नंतर दिल्लीत वावरलेल्या देशाच्या या पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकाराने स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स यांसारखे जड कॅमेरे खांद्याला लावून स्वातंत्र्याचा सारा कालखंड टिपला. पंडित नेहरू कबुतर हवेत सोडीत आहेत ते त्यांचे चित्र आठवावे: पंख उघडण्याचा तो क्षण पुन्हा मागून मिळण्यासारखा नव्हता. स्पीड ग्राफिकमध्ये प्रत्येक चित्रासाठी फिल्मचा पत्रा बदलावा किंवा उलटावा लागतो, काळी पट्टी ओढावी लागते, शटर पुन्हा चढवावे लागते. या क्रियांची साखळी बोटांत बसल्याखेरीज त्या कॅमेऱ्याने घटना घेता येत नाही. आणि ही रीत इतिहासजमा झाली असेही नव्हे. अमेरिकेचे डेव्हिड बर्नेट यांनी या शतकातील ऑलिंपिक सामन्यांतही, सभोवती शेकडो अद्ययावत यंत्रे चालू असता, तोच जुना स्पीड ग्राफिक घेऊन धावपटूंची चित्रे काढली, आणि ती इतरांच्या चित्रांहून वेगळी ओळखू येतात.

माझे म्हणणे असे नाही की वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने आज पटावर याशिका घेऊन जावे. त्याला रात्रीच्या आवृत्तीपूर्वी चित्र पोचवावयाचे असते, आणि फिल्मचा रोल, तो धुण्याचा खर्च आणि त्यातील अनिश्चितता त्याच्या पदरी टाकणे अन्यायाचे ठरेल. परंतु जे तरुण छायाचित्रण शिकू पाहतात, आणि असे तरुण भंडारा जिल्ह्यात आता पुष्कळ आहेत, त्यांनी एका हंगामात एक जुना कॅमेरा आणि एकच रोल घेऊन पटावर उभे राहावे, असे मी आग्रहाने सुचवतो. रोल महाग आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून दोघातिघांनी मिळून एक घ्यावा. बारा चित्रांत दिवस काढावयाचा म्हटल्यावर ते अकरा जोड्या नुसत्या पाहतील, जाणत्या माणसांना विचारतील, बैलांची नावे शिकतील, आणि मग पुन्हा वेगवान यंत्र हाती घेतील तेव्हा त्याचा उपयोगही अधिक समंजसपणे करतील.

जुन्या निगेटिव्हचे मोल आणखी एका कारणाने आहे, आणि ते कारण थोडे नाजूक आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती थांबल्या. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, तिलाही न्यायालयात आव्हान मिळाले. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त मुभा मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरवला. मधल्या वर्षांत दोन्ही पक्षांनी बैलांविषयी पुष्कळ विधाने केली. पूर्वी पट कसा होत असे, जनावरांना कसे वागवले जात असे, तुतारी टोचली जाई की नाही, शेपटी पिरगाळली जाई की नाही, बैलांचा बांधा कसा होता, याचा प्रामाणिक जबाब मोठ्या निगेटिव्हखेरीज दुसरा कोण देणार? त्या चित्रांत अभिमान वाटावा असेही असेल, आणि मान खाली घालावी असेही असेल. मला बैलावर प्रेम करणारा शेतकरी आणि बैलाच्या वेदनेची चिंता करणारा माणूस हे दोघेही आपलेच वाटतात, आणि दोघांनाही खऱ्या दस्तऐवजाची गरज आहे.

हा दस्तऐवज आज कोठे आहे? स्टुडिओ बंद झाले किंवा त्यांच्या मुलांनी त्यांत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचा धंदा मांडला. जुन्या निगेटिव्ह लोखंडी कपाटात, माळ्यावर, बुटांच्या खोक्यांत राहिल्या. त्या ज्या ॲसिटेट पायावर बनलेल्या असतात तो उष्णतेने आणि दमटपणाने हळूहळू विघटित होतो, त्यास व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो, फिल्म आक्रसते, तिच्यावर सुरकुत्या पडतात, आणि एकीचा वाफारा शेजारच्यांनाही बिघडवतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि त्यामागून लगेच चार महिन्यांचा पावसाळा येतो. फिल्मच्या दृष्टीने याहून वाईट हवा शोधून सापडणार नाही. होमाईंचा संग्रह त्यांनी हयातीतच अलकाझी फाउंडेशनकडे सोपवल्यामुळे सुरक्षित राहिला. चित्रपटांसाठी पुण्यास १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तालुक्याच्या छायाचित्रकाराच्या मागे मात्र असे कोणीच उभे नाही. आणि त्याच्या खोक्यांत केवळ पट नाही. दिवसा पट आणि रात्री नाटक ही झाडीपट्टीची जोडगोळी असल्यामुळे त्याच रोलमध्ये पुढची चित्रे मंडईची, दंडारीची, रंगमंचावरील नटांची असण्याचा फार संभव आहे. चौंडेश्वरीच्या यात्रेची, महापुरात बुडालेल्या रस्त्यांची, ओळखीच्या-अनोळखी माणसांची असणार.

म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाने, नागपूर विद्यापीठाने आणि नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाने मिळून या निगेटिव्हची मोजदाद हाती घ्यावी. मोठ्या इमारतीची, मोठ्या अंदाजपत्रकाची वाट पाहू नये. प्रत्येक तहसिलीच्या गावी आठवडाभराचे शिबिर भरवावे, लोकांनी खोकी आणावीत, मालकी त्यांचीच राहावी, आणि जागच्या जागी प्रकाशाच्या पाटीवर निगेटिव्ह ठेवून तिची प्रत घ्यावी. या कामी आजचा वेगवान कॅमेरा अत्यंत उपयोगी आहे. आंबट वास येणाऱ्या फिल्म निराळ्या काढाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून कागदी पाकिटे वापरावीत, आणि पाकिटावर पेन्सिलीने गाव, अंदाजे साल, धुरकऱ्याचे आणि बैलांचे नाव लिहावे. बैलांची नावे अवश्य लिहावीत. ती सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांची दृष्टी मंदावली असली तरी चित्र मोठे करून दाखवले की ती शिंगांवरून आणि वशिंडावरून जोडी ओळखतात, कोणत्या गावच्या पटात ती कोणत्या क्रमांकाने सुटली होती हेही सांगतात. तेव्हा शिबिराच्या टेबलाशी कारकुनाबरोबर अशा एका वृद्धाची खुर्ची मांडण्याची तजवीज पहिल्याच दिवसापासून असावी, आणि येत्या हंगामाचा पहिला पट सुटण्यापूर्वी निदान मोहाडीपुरते तरी हे काम सुरू व्हावे.